सहमतीने घटस्फोट : मुलीच्या पोटगीचं कलम कसं लिहावं?

पाऊलवाट
आम्ही दोघांनी सहमतीने घटस्फोट घ्यायचं ठरवलंय. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं, सव्वा वर्षापासून वेगळे राहतोय. मुलगी ६ वर्षांची, ती आईकडेच राहील, त्यावर वाद नाही. बायको नोकरी करते, स्वतःसाठी काही नको म्हणाली. प्रश्न मुलीच्या खर्चाचा आहे. माझा हातात येणारा पगार ७२ हजार, घराचा हप्ता १९ हजार. दरमहा रक्कम द्यावी की शाळेची फी थेट भरावी? किती द्यावी? आणि दोघांत मिळून एक वकील चालेल का? त्यासाठी ४० हजारांच्या वर जमणार नाही. आज भांडण नाही, पुढेही होऊ नये म्हणून विचारतोय.

जुनाजाणता
वकिलात काटकसर करू नका. मी दीड लाख मोजले, पण समोरच्या बाजूची बोलती बंद केली त्याने. ४० हजारांत नवशिका मिळेल आणि नुसत्या तारखा घेत बसेल.

आभाळ_२२
त्यांनी ४० म्हटलंय हो. आणि समोरची बाजू कुठली? अर्ज दोघांचा मिळून एकच असतो. एक वकील चालतो, फक्त सही करण्याआधी तुमच्या पत्नीने अटी दुसऱ्या कुणा वकिलाकडून वाचून घ्याव्यात. विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत सल्ला मिळतो. १९८७च्या कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

हिशेबी
पगाराच्या २५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाचा नियम आहे. विषय संपला.

दुपारतिठा
संपला नाही. २०१७चा तो निकाल बायकोच्या पोटगीबद्दल होता, आणि त्या प्रकरणापुरता. मुलांसाठी ठरलेली टक्केवारी नाही. मुलाची गरज, आजवरचं राहणीमान आणि दोघांची कमाई पाहतात. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता-देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमच्यात वाद नसला तरी तो नमुना भरून एकमेकांना दाखवा. आकडा त्यातूनच निघेल.

तळमजला
फी थेट शाळेला भरा. मी चार वर्षं दरमहा पैसे पाठवले, कुठे गेले पत्ता नाही. पोराला वह्या मीच आणून देतो. पावती हातात असली म्हणजे बरं.

हिशेबी
मीही तेच म्हणतो. थेट शाळेला.

जुनाजाणता
त्यापेक्षा एकरकमी देऊन टाका आणि मोकळे व्हा. मी तसंच केलं.

दुपारतिठा
बायकोच्या बाबतीत चालतं, मुलांच्या नाही. मुलाचा पोटगीचा हक्क आई-बापाला आपसात सोडून देता येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या खर्चाचा आदेश निकालानंतरही बदलून मागता येतो.

सायसाखर
मला 'पोटगी' हा शब्दच खटकतो. स्वतःच्या लेकराचा खर्च उचलणं म्हणजे कुणावर उपकार आहे का? अटींमध्ये 'मुलीचा खर्च' असं लिहा.

आभाळ_२२
घरात काहीही म्हणा, कागदावर कायद्याचाच शब्द ठेवा. उद्या वसुलीची वेळ आली तर शब्दावरून वाद नको.

कोयरी
वसुलीचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. आमच्या अटींमध्ये लिहिलं होतं, 'वडील मुलाचा योग्य तो खर्च करतील.' तेव्हा सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, आकडा लिहायला संकोच वाटला. आठ महिन्यांनी पैसे बंद. दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करायला गेले तर वकील म्हणाले, वसूल काय करायचं? आकडाच नाही. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा पुरावे, त्यात दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात मुलाचे क्लास माझ्या भावाने भरले. म्हणून रक्कम, तारीख, खात्याचा क्रमांक आणि दरवर्षीची वाढ, सगळं आकड्यात लिहा. दवाखान्याचं वेगळं लिहा. आणि भेटीची अट पैशाला बांधू नका. पैसे थकले म्हणून भेट अडवायची नाही, भेट झाली नाही म्हणून पैसे अडवायचे नाहीत. आम्ही दोघांनीही ते केलं आणि मुलगा मधल्या मध्ये भरडला.

तळमजला
सगळे बाप पैसे बुडवतात असं नाही, ताई.

कोयरी
तसं मी म्हटलेलंच नाही, दादा.

दुपारतिठा
दोन गोष्टी राहिल्या. मुलगी असल्याने १८ला सगळं संपेल असं धरू नका. १९५६च्या दत्तक व निर्वाह कायद्यात अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर जबाबदारी पुढेही राहते, आणि ती आई-वडील दोघांची आहे. दुसरं, पहिल्या अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते असं २०१७च्या अमरदीप सिंग प्रकरणात म्हटलंय, पण पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असणं ही त्यातली एक कसोटी आहे. तुमचं सव्वाच झालंय. घाई नसेल तर तीन महिने थांबा.

पाऊलवाट
तीन आठवड्यांनी लिहितोय. दोघांनी बसून प्रतिज्ञापत्राचा नमुना भरला. मुलीचा खरा खर्च मला वाटत होता त्याच्या दीडपट निघाला. डबा, रिक्षा, वाढणारे बूट, यातलं मी काहीच धरलं नव्हतं. दरमहा २२ हजार तिच्या आईच्या खात्यात, ५ तारखेच्या आत, दर जूनला ८ टक्के वाढ, शिक्षण संपेपर्यंत. दवाखाना निम्मा-निम्मा. वकील ३५ हजारांत मिळाला. अर्ज लगेच करतोय, सहा महिने लागले तर लागू देत.
काहींनी फी थेट शाळेला भरायला सांगितलं, ते मी करत नाहीये. रोज सकाळी तिला उठवून तयार करते ती तिची आई. तिने दर खर्चासाठी मला पावती दाखवायची, हे मला बरोबर वाटत नाही.

तळमजला
पस्तावाल. निदान वर्षाचा हिशोब तरी मागा.

कोयरी
मागू नका. फक्त बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, म्हणजे ५ तारीख चुकणार नाही.

पाऊलवाट
कालच दिली.