चिकुनगुनिया होऊन सात आठवडे झाले, सांधे अजून धरलेलेच. काय करू?

पारिजात
ऑगस्टच्या शेवटी चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला आणि घरच्यांच्या लेखी आजार तिथंच संपला. माझं मात्र आजही सकाळी उठल्यावर पहिला तासभर काही खरं नसतं. पाय टेकला की टाचेतून कळ येते, मग भिंतीला धरून बाथरूम गाठायचं. बोटं इतकी आखडतात की टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, ओटा पुसायचं फडकं पिळता येत नाही. परवा कुकरचं झाकण मुलाकडून लावून घेतलं. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की मनगट ठणकायला लागतं. त्यात नाकाचा शेंडा काळा पडलाय. स्टाफरूममध्ये "उन्हात फिरलीस का गं" हे दोघींनी विचारून झालं!

डॉक्टर म्हणतात वेळ लागतो, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. शेजारच्या वहिनींनी त्यांच्याकडच्या बिननावाच्या पुडीतल्या गोळ्या आणून दिल्यात, "दोन दिवसांत पळायला लागशील" म्हणाल्या. घेऊ का? वांगं, बटाटा, आंबट बंद करायचं का? आणि सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, शुगर आहे. त्यांना लागण नको म्हणून माझं ताट-वाटी-टॉवेल वेगळं ठेवलंय. आणखी काय काळजी घ्यावी?

निवांत
+१. मला २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातच झाला होता. पूर्ण बरं वाटायला पाच महिने लागले. स्कूटरला किक मारता येईना म्हणून महिनाभर पीएमटीने गेलो. "ताप गेला ना, मग आता काय?" हे ऐकून डोकं फिरतं ते आधी बंद करा. म्हणजे लोकांचं नाही, तुमचं ऐकणं बंद करा. नाक दोन-तीन महिन्यांत पूर्ववत झालं.

गुडघेदुखी_स्पेशालिस्ट
आयडीवर जाऊ नका, मी खरंच फिजिओथेरपिस्ट आहे :)

ताई, पहिली गोष्ट, त्या पुडीतल्या गोळ्या घेऊ नका. असल्या जादूच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड निघतं. दोन दिवस खरंच पळाल, गोळी थांबली की दुखणं परत, आणि पोट, शुगर, बीपीचं जे होईल ते निराळं. चिकुनगुनियात स्टिरॉइड कधीकधी लागतं, पण ते तपासून, ठरलेल्या मात्रेत आणि हळूहळू कमी करत. सासूबाईंनाही ती पुडी कोणी देऊ नये, त्यांना शुगर आहे.

आता हात. उठल्या उठल्या कामाला लागू नका. अंथरुणातच घोटे गोल फिरवा, मुठी उघड-मीट करा. मग सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं हलवत राहा. पोळ्यांची कणीक मळायला दुसऱ्या कुणाला सांगा, पण त्यातला लिंबाएवढा गोळा तुम्ही घ्या आणि सावकाश दाबत बसा. किती करायचं? व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही तसंच असेल तर जास्त झालं, उद्या निम्मं करा. नुसतं पडून राहिलात तर सांधे आणखी धरतील. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून त्याच दिवशी माळा आवरायला काढलात तर पुढचे तीन दिवस गेलेच समजा. माझ्याकडे येणाऱ्या बायका हमखास हेच करतात.

तीन महिन्यांनंतरही सूज किंवा सकाळचा ताठरपणा राहिला तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. काहींना या तापानंतर खरा संधिवात सुरू होतो. वेळेत कळलेलं बरं.

चहाबाज
पपईच्या पानांचा रस घ्या, आमच्याकडे सगळे घेतात.

गुडघेदुखी_स्पेशालिस्ट
@चहाबाज, तो लोक डेंग्यूत प्लेटलेटसाठी घेतात. सांध्यांना त्याचा काय उपयोग? वांग्या-बटाट्याचंही तेच. खाऊन तुम्हाला स्वतःला त्रास वाटला तर सोडा, नाहीतर मजेत खा.

बार्शीकर
पारिजातताई, ताट-वाटी वेगळी करून काही होत नाही. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, मध्ये डास लागतो. तुमच्या पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू होता. तेव्हा मच्छरदाणीत निजायचं होतं, म्हणजे तुम्हाला चावलेला डास सासूबाईंकडे गेला नसता. आता तुमच्यापासून भीती नाही, पण डास घरात असतील तर आहे. सासूबाईंना दुपारी निजतानाही मच्छरदाणी लावून द्या. एडिस हा दिवसाचा डास, सकाळी आणि उन्हं उतरताना जोरात असतो. आपण उदबत्ती लावतो ती रात्री.

बार्शीत १९७३ साली ही साथ आली तेव्हा मी नववीत होतो. त्याआधी १९६३ ला कलकत्त्यात आली होती. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं, आणि एका आठवड्यात धड चालणारं माणूस शोधावं लागत होतं. आजी जिना बसून बसून उतरायची. दुष्काळ अंगावरून गेलेला, त्यामुळे पाणी दिसेल त्यात भरून ठेवायची सवय. रांजण, हंडे, तेलाचे डबे, सगळं भरलेलं. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, डास आम्हीच पाळले होते. मग कितीतरी वर्षं नावही ऐकलं नाही. २००६ ला देशभर १३ लाखांच्या वर संशयित रुग्ण झाले तेव्हा बायकोला म्हटलं, हा आमचा जुना पाहुणा.

पाणी नुसतं ओतून देऊ नका. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एकदा घासणीने घासायचं, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवसच लागतात. मनीप्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, आणि फ्रीजच्या मागचा ट्रे. तो कुणीच बघत नाही.

निवांत
काका, फ्रीजच्या मागे ट्रे असतो??

पारिजात
सगळ्यांचे आभार. पुडी वहिनींना परत दिली, जरा रागावल्यात. कणकेचा गोळा चार दिवस दाबतेय. आज टूथपेस्टचं झाकण उघडलं, लावताना मात्र मुलालाच हाक मारली.

@बार्शीकर काका, फ्रीज ओढायची ताकद नव्हती, ह्यांनी ओढला. ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि टॉर्च मारल्यावर सुताच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत खाली पळाल्या. आमचा फ्रीज सासूबाईंच्या खोलीच्या दाराला लागून आहे. सोसायटीच्या टाकीचं झाकण फुटलंय म्हणून मी महिनाभर सेक्रेटरींशी भांडत होते. झाकण फुटलेलं आहेच, भांडण चालूच राहील. पण आता जरा खालच्या आवाजात.

बार्शीकर
@निवांत, असतो. बघितलात का?