मदत हवी आहे: राईच्या पावाला तळाशी चिकट पट्टा येतोय

नमस्कार मंडळी, जर्मनीत घरी राईचा (मोहरी नव्हे, गव्हासारखं रॉगन हे धान्य) पाव करणाऱ्यांना विचारायचंय.

प्रमाण असं: ५० ग्रॅम आंबवण (सावरडोचं विरजण), टाइप ११५० (जर्मन वर्गवारीतलं मध्यम गडद) राईचं पीठ २०० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम, २६ अंशांवर १६ तास. मग आणखी ३०० ग्रॅम पीठ, २०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ. मळणं नाही, फक्त कालवणं. भाकरीच्या पिठासारखंच, ग्लुटेनच्या जाळीवर यात भिस्त नसते. साच्यात दीड तास, मग २५० अंशांवर १५ मिनिटं आणि २०० वर ४५.

वर सुंदर भेगा, पण तळाशी बोटभर ओला, रबरासारखा पट्टा. २४ तास थांबून कापला तरी तोच.

आंबटपणा कमी पडला तर राईतलं अमायलेज हे एन्झाइम भट्टीतही स्टार्च तोडत राहतं आणि गर चिकट होतो, हे माहीत आहे. पण वास तर चांगला आंबट येतोय! मधलं तापमान ९४ अंश निघालं. म्हणजे भाजणं कमी, की आंबवणातलं धरून पिठाच्या एकूण ८१ टक्के पाणीच जास्त? आधी काय बदलू? दोन्ही एकदम बदलून काही कळणार नाही.

दुसरं, पुढच्या खेपेला १०० ग्रॅम पाण्याऐवजी श्वार्त्सबिअर (जर्मन काळी बिअर) घालायची आहे. पिल्सनर या फिकट बिअरमधला हॉप्सचा (बिअरमधल्या कडू फुलांचा) कडूपणा भाजल्यावर उरतो, म्हणून ती नकोच. बिअर आंबवणात घालावी की शेवटच्या पिठात?