लेक 20 महिन्यांची, काटा हलेना

खानापूरची आई: परवा अंगणवाडीत वजन केलं, 8 किलो 700. तीन महिन्यांत जेमतेम 100 ग्रॅम वाढ. खेळते, पळते, पण भाताचा दुसरा घास तोंडातच धरून बसते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. मीठ-मोहरी ओवाळून झाली. काय करू?

निपाणीची आजी: दूध किती पिते गं?

खानापूरची आई: म्हशीचं, चार बाटल्या. लिटरभर होतं की.

निपाणीची आजी: मग भूक कुठनं लागणार? आमच्या नातवाचं हेच होतं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आण, तेही जेवणानंतर, वाटीतनं. दुधात लोह नसल्यात जमा, नुसत्या दुधावर रक्त कमी पडतं. आंबील पातळ, नुसतं पोट फुगवते. त्यापेक्षा नाचणीची घट्ट उकड कर, वर तूप, बारीक वाटलेलं शेंगदाण्याचं कूट.

टिळकवाडीकर: अंगणवाडीच्या कार्डावरची वजनाची रेघ सपाट झालीय, म्हणजे बालरोगतज्ज्ञांना दाखवाच ताई. हिमोग्लोबिन बघतील. दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर उद्याच जा.

खानापूरची आई: 13 भरला. सोमवारी बेळगावला नेते. बाटल्या माळ्यावर टाकल्या, रडून सगळी गल्ली गोळा केलीय तिनं.