‘फाइन’ म्हणजे दंड, बारीक, उत्कृष्ट की ठीक?

प्रश्न

गेले काही महिने मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचा सराव करत आहे. परवाच्या उताऱ्यात, धाडस आणि अविचार यांच्यामध्ये ‘फाइन लाइन’ असते, असे वाक्य आले आणि मी ‘सुंदर रेषा असते’ असे लिहून मोकळा झालो. पुढे एक पात्र दुसऱ्याला पाणी हवे का असे विचारते आणि दुसरे ‘आय ॲम फाइन’ असे उत्तर देते. तिथे मी ‘मी बरा आहे’ असे लिहिले. अनुवाद तपासणाऱ्यांनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली. शब्दकोशात पाहिले तर दंड, बारीक, उत्कृष्ट, ठीक असे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले अर्थ दिसतात. हे मुळात वेगवेगळे शब्द आहेत, की एकाच शब्दाला फुटलेल्या फांद्या? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मूळ एकच आहे. ‘शेवट’ किंवा ‘सीमा’ या अर्थाचा लॅटिन ‘फीनिस’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘फिनिश’, ‘फायनल’ आणि ‘फायनान्स’ हेही त्याच घरातले. जे शेवटास गेले, ज्यावर आणखी हात फिरवण्याची गरज उरली नाही, ते उत्कृष्ट. सोन्याच्या बाबतीत ते शुद्ध. आणि कसबी हाताचे काम नाजूक असते म्हणून पुढे तलम आणि बारीक.

दंडाची वाट मला अधिक रंजक वाटते. तंटा मिटवणारी, म्हणजे त्याचा शेवट करणारी तडजोड आणि तिच्यासाठी मोजलेली रक्कम, यांतून शिक्षा म्हणून भरायच्या रकमेचा अर्थ रुळला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीच्या हस्तांतरासाठी न्यायालयात होणाऱ्या तडजोडीलाच ‘फाइन’ म्हणत. ११९५ पासून तिचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून ते पत्र नागमोडी कापत. दोन तुकडे दोन पक्षकारांना मिळत आणि तळाचा तुकडा सरकारी खजिन्यात राही. कोणी बनावट तुकडा पुढे केला, तर त्याची कड इतर तुकड्यांशी जुळत नसे. हा प्रकार १८३३ च्या कायद्याने बंद झाला, पण दंडाचा अर्थ टिकला.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती वर आलीच आहे, म्हणून मी वापराबद्दल लिहितो. आपल्या पहिल्या वाक्यात ‘बारीक’ हा अर्थ आहे. तरीही ‘बारीक रेषा’ न लिहिता ‘धाडस आणि अविचार यांत फरक असतो तो अगदी पुसट’ असे काही लिहावे, कारण मराठीत असा फरक पुसट किंवा सूक्ष्म असतो. पाण्याच्या प्रसंगी ‘आय ॲम फाइन’ हा नम्र नकार आहे. तिथे ‘नको, राहू द्या’ एवढेच पुरे.

अर्थ ओळखण्यासाठी शेजारचा शब्द पाहावा. हवेबद्दल बोलताना ‘फाइन’ म्हणजे पाऊस नसलेली स्वच्छ हवा, म्हणजे आपली उघाड. ‘फाइन आर्ट्स’ म्हणजे ललित कला. बारीक दातांच्या कंगव्याला इंग्रजीत विशेषण जोडावे लागते, पण आपल्याकडे ‘फणी’ हा स्वतंत्र शब्द असताना ‘बारीक दातांचा कंगवा’ असे कोणी लिहिले की मला खरोखर वाईट वाटते. ‘बारीक’ मराठीतही बराच फिरतो, बारीक नजर, बारीक आवाज, बारीक माणूस. मात्र उत्कृष्टतेच्या अर्थापर्यंत तो पोहोचला नाही. ती जागा काही प्रमाणात ‘तलम’ने घेतली, तीही वस्त्राच्या आणि फार तर भाषाशैलीच्या संदर्भात.

प्रतिसाद ३

क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ राहिला. तो फलंदाजाच्या मागे, खेळपट्टीच्या सरळ रेषेशी लहान कोन करून उभा असतो. कोन वाढत गेला की ‘स्क्वेअर’ म्हणतात. म्हणजे इथेही अर्थ ‘निमुळता’ या अंगाचा आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. त्याच उताऱ्यात भांडणानंतर पत्नी फक्त ‘फाइन’ एवढेच म्हणते आणि दार लावून घेते. तिथे ‘छान’ लिहावे का?

प्रतिसाद २

नाही. तिथे ‘ठीक आहे’ लिहावे आणि पुढे पूर्णविराम द्यावा, उद्गारचिन्ह नको. तिचा राग दार लावण्यातून कळतोच.