काकांच्या याशिकासोबत निघालेल्या या दोन काचा कसल्या?

महालचा पुतण्या:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत काकूने लोखंडी कपाटातून त्यांचा याशिका मॅट १२४जी, म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेला आणि वरून डोकावून पाहायचा फिल्मचा कॅमेरा, काढला आणि "तुला आवड आहे, तूच ने" म्हणून माझ्या हातात ठेवला. कॅमेरा चालू आहे. सोबत चामड्याची एक छोटी डबी निघाली, तिचंच कोडं पडलंय.

डबीत दोन गोल काचा आहेत, काळ्या धातूच्या कड्यांत बसवलेल्या. लेन्सच्या तोंडाशी धरून जरा फिरवल्या की खट्‌कन बसतात. कड्यांवरचं नाव घासून गेलंय, एकीवर नुसता १ दिसतो. रंग कुठलाच नाही. एक काच साधी, मधे किंचित फुगीर. दुसरी मात्र विचित्र, एका कडेला जाड आणि समोरच्या कडेला बारीक. आधी वाटलं खराब माल असेल. पण खराब माल काका मखमलीत गुंडाळून कशाला ठेवतील? काकू म्हणते, "तो कॅमेऱ्याचा चष्मा." त्यापुढे तिला काही आठवत नाही.

कुणी ओळखेल का?

सीताबर्डीकर:
यूव्ही फिल्टर असतील. दोन लेन्स, म्हणून दोन फिल्टर.

जुनी काच:
दादा, फिल्टरची काच सपाट असते. ते एक फुगीर आणि एक तिरपी म्हणताहेत. शिवाय वरच्या लेन्समधून आपण फक्त बघतो, तिला यूव्ही फिल्टर लावून फोटोत काय फरक पडणार?

सीताबर्डीकर:
हे बरोबर. मग वाइड अँगलचं काहीतरी असेल. नाहीतर अजबबंगल्यात, आपल्या संग्रहालयात, देऊन टाका, तिथे खपेल.

बारा फोटो:
अजबबंगल्यात कायले देता राजेहो, चालू माल आहे! काकू अगदी बरोबर सांगून राहिल्या. तो चष्माच आहे, जवळचं पाहायचा. क्लोज-अप लेन्सचा जोड म्हणतात त्याला.

हा कॅमेरा साधारण एक मीटरच्या आत फोकस होत नाही. समोर प्लस एक नंबरची काच लावली की हिशोब बदलतो. कॅमेरा अनंतावर ठेवला तर एक मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, आणि एक मीटरवर ठेवला तर अर्ध्या मीटरवरची. प्लस दोन लावली तर अर्ध्या मीटरपासून साधारण तेहतीस सेंटिमीटरपर्यंत. तुमच्या कड्यावरचा १ बहुतेक तोच नंबर. चाळिशीचा चष्मा करतो तेच काम.

आता तिरपी काच. या कॅमेऱ्यात वरची लेन्स बघायची आणि खालची फोटोची, दोघींत चारेक सेंटिमीटर अंतर. दहा फुटांवर माणूस उभा असेल तर या चार सेंटिमीटरचं कोणी काही विचारत नाही. पण अर्ध्या मीटरवर अंगठी ठेवली की वरची लेन्स एक पाहते अन् खालची दुसरंच. म्हणून वरच्या काचेत प्रिझम घातलेला असतो. तो वरच्या लेन्सची नजर खाली वाकवतो, इतकी की खालची जे पाहते तेच तिलाही दिसावं. म्हणजे तिरपी काच वर, साधी खाली. तिरपीची जाड कड खालच्या बाजूला, फोटोच्या लेन्सकडे. रोलाय कंपनीच्या जोडावर लाल ठिपका असतो, तो वर ठेवायचा. तुमच्याकडे ठिपका नसेल तर जाडी पाहूनच लावा.

घरीच खात्री करा. काच हातात धरून तिच्यातून दाराची चौकट पाहा आणि काच जागच्या जागी गोल फिरवा. साधीतून चौकट स्थिर राहील. तिरपीतून चौकट गोल गोल नाचेल.

महालचा पुतण्या:
नाचली! अक्षरशः घोळ घालते. आणि आता एक कबुली. मागच्या महिन्यात मी दोन्ही काचा अंदाजाने लावून एक रोल संपवला होता. देवघरातली समई पाटावर ठेवली, वरून पाहिलं तर अगदी मधोमध. निगेटिव्ह आली तर समईचा माथा गायब आणि खाली पाटच पाट. बाराच्या बारा फोटोंत तेच. वरच्या लेन्सचं चित्र वर दाखवणारा कॅमेऱ्यातला आरसा हलला असं मी समजून बसलो होतो.

बारा फोटो:
तुम्ही तिरपी खाली लावली होती ना?

महालचा पुतण्या:
हो. जाड म्हणजे भारी, म्हणून फोटोच्या लेन्सला.

बारा फोटो:
मग बरोबर आहे. खालची लेन्स आधीच चार सेंटिमीटर खाली, त्यात तिला तुम्ही अजून खाली पाहायला लावलं. आरसा बिचारा निर्दोष. आणि प्रिझम फोटोच्या लेन्सला कधीच लावू नका, रंगीत रोल असेल तर कडांना रंगांच्या झालरी येतात.

जुनी काच:
यात एक भर. नंबर पक्का करायचा असेल तर चष्म्याच्या दुकानात जा. जुन्या चष्म्याचा नंबर मोजायचं यंत्र असतं, त्यात ही काच धरली की दोन मिनिटांत कळेल.

आणि काच पुसायच्या आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा. धूळ असताना पुसलं की कोटिंगवर ओरखडे आलेच. कपाट कुठल्या खोलीत होतं? कूलरच्या?

महालचा पुतण्या:
कूलरच्याच. का?

जुनी काच:
आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून बुरशीची भीती नाही असं लोक समजतात. पण एप्रिल ते जून कूलरची ओली हवा बंद खोलीत फिरते आणि पाठोपाठ पावसाळा. कपाटातल्या चामड्याच्या डबीला याहून वाईट जागा नाही, चामडं ओल धरून ठेवतं. काचेमागे टॉर्च धरून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी. नसेल तर काचा डबीतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. डबी आठवण म्हणून वेगळी ठेवा.

सीताबर्डीकर:
काच लावल्यावर एक्स्पोजर वाढवावं लागतं का? बेलोजला, म्हणजे जवळच्या फोटोसाठी लेन्समागे लावायच्या घडीच्या भात्याला, वाढवावं लागायचं.

बारा फोटो:
नाही. बेलोजमध्ये लेन्स फिल्मपासून दूर जाते, म्हणून उजेड कमी पडतो. इथे लेन्स जागेवरच असते. फक्त इतक्या जवळून फोकसची खोली फार कमी मिळते. लेन्सचं छिद्र लहान, एफ ११ किंवा १६ ठेवा, कॅमेरा तिपाईवर, आणि शटरला केबल लावा.

दुसरी जोडी घ्यायची झाली तर बे-१ मागा, हे खट्‌कन बसणाऱ्या कड्याचं माप. याशिका, रोलायकॉर्ड, मिनोल्टा ऑटोकॉर्ड यांना तीच लागते. एफ २.८ च्या रोलायफ्लेक्सची बे-३ मोठी असते, ती तुमच्या कॅमेऱ्यावर बसणार नाही.

महालचा पुतण्या:
धरमपेठेतल्या चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. साधी काच यंत्रात धरून म्हणाले, "प्लस एक." तिरपी लावली तर यंत्रातलं हिरवं निशाण थेट कडेला पळालं. त्यांनी दोनदा काच काढून पुन्हा लावली. मग म्हणाले, "नंबर तोच, पण प्रिझम फार आहे. हा चष्मा घालून जिना उतरला तर माणूस पडेल. कुणाचा आहे?" कॅमेऱ्याचा म्हटल्यावर चहा मागवला आणि पैसे घेतले नाहीत. टॉर्च लावून पाहिलं, बुरशी नाही.

संध्याकाळी तिरपी वर, जाड कड खाली अशी लावून कॅमेरा काकूसमोर टेबलावर ठेवला. तिने वरून डोकावून पाहिलं आणि तिला एकदम आठवलं. घरात कुणी गेलं की लोक लग्नातला एखादा ग्रुप फोटो घेऊन यायचे, त्या माणसाचा एकट्याचा फोटोच नसायचा. काका तो ग्रुप फोटो भिंतीला टाचण्यांनी लावायचे, हा चष्मा चढवायचे आणि जमेल तेवढं जवळ जाऊन त्या चेहऱ्याची कॉपी काढायचे. बाकीची काटछाट एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्रावर. मग हार घालायला फ्रेम. काकूचं काम टाचण्या धरायचं.

आता तिला तिच्या आईचा तसा फोटो हवाय. ग्रुप फोटो सापडलाय, आई दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. उजेड दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत ठेवू की खिडकीचाच पुरेल?

बारा फोटो:
जुना चकचकीत कागद असेल तर दोन्ही बाजूंनी सारखे दिवे, पंचेचाळीस अंशांत. खिडकीचा उजेड एका बाजूने जास्त पडतो. अन् टाचण्या काकूंनाच धरू द्या.