१२ बाय १२ च्या पुस्तकांच्या खोलीसाठी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) किती लिटरचा?

सादळलेली_पानं:
रत्नागिरीजवळ तळमजल्याची खोली. १२ बाय १२ फूट, उंची १०. भिंती जांभ्याच्या, वर स्लॅब. पुस्तकांची दोन कपाटं भिंतीला टेकलेली. जुलैत हायग्रोमीटर (आर्द्रता मापक) ८५ ते ९० टक्के दाखवतो आणि पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. एसी नाही. ऑनलाइन ५०० मिलीपासून ३० लिटरपर्यंत काहीही दिसतंय. कोणता घ्यावा?

दमट_हिशेब:
५०० मिलीवाली खेळणी आधी यादीतून काढा. त्यात कॉम्प्रेसर नसतो, पेल्टिअर चिप (विजेवर एका बाजूने गार होणारी छोटी चकती) असते. कपाटाच्या एका बंद खणापुरती ठीक, खोलीला नाही.

खोक्यावरचा लिटरचा आकडा म्हणजे दिवसाला निघणारं पाणी, आणि तो बहुतेक वेळा ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रतेचा असतो. २७ अंश, ६० टक्क्यांवर तेच यंत्र साधारण निम्मं पाणी काढतं. म्हणजे '२० लिटर' हे तुमच्यासाठी दहाच धरा.

आता खोली. हवा ४१ घनमीटर. २८ अंशांना ८८ टक्के म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ, ५५ टक्के म्हणजे १५. फरक ९ ग्रॅमचा. अख्ख्या खोलीतून काढायचं पाणी जेमतेम पावणेचारशे मिली, दोन पेले! मेख पुढे आहे. फटींतून तासाला निम्मी हवा बदलली, तरी दर तासाला १८० मिली पाणी नव्याने आत येतं, दिवसाला साडेचार लिटरच्या आसपास. खिडकी किलकिली ठेवलीत तर सगळ्या रत्नागिरीची हवा सुकवत बसाल. शिवाय पुस्तकं, लाकूड आणि भिंत यांनी पिऊन ठेवलेली ओल सुरुवातीचे बरेच दिवस निघत राहते.

म्हणून १६ ते २० लिटरचा, कॉम्प्रेसरवाला. १० चा घेतलात तर चोवीस तास धापा टाकत राहील. डेसिकंट (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) प्रकार थंड खोल्यांसाठी चांगला, कारण १५ अंशांखाली कॉम्प्रेसरच्या कॉइलवर बर्फ धरू लागतो. कोकणात तो प्रश्नच नाही.

चिरेबंदी:
लिटर नंतर, आधी भिंत बघा. दोन बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि ४८ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय: जोतं, पन्हळ, बाहेरचा गिलावा, काहीतरी गळतंय. ते बंद केल्याशिवाय यंत्र लावू नका. भिंत बाहेरून पाणी ओढतच राहील, आतल्या बाजूने लोणा फुटेल आणि रंगाचे पोपडे सुटतील. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय. तिथे यंत्राचा खरा उपयोग.

दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, खिडक्यांच्या चौकटीला फोमची पट्टी. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम पाच लिटर जास्तीच्या क्षमतेपेक्षा मोलाचं आहे.

मिठाची_पुडी:
हायग्रोमीटरवर एवढा भरवसा? स्वस्तातले पाच-दहा टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला. विरघळून पाणी झालं तर मीठ वाढवा. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ दाखवायला हवा. ८१ दाखवला तर तुमचा मापक सहाने जास्त सांगतो, तेवढे वजा करा.

यंत्र ५० ते ५५ वर लावा. ४० च्या खाली नेऊ नका, लाकडाला तडे जातात. आणि कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, दारं जरा उघडी ठेवा. बंद कपाटातली हवा यंत्रापर्यंत पोचतच नाही. आधीची बुरशी कोरड्या ब्रशने, तोंडाला मास्क लावून, बाहेर पडवीत झाडा. कोरड्या हवेत ती मरत नाही, नुसती थांबते.

सादळलेली_पानं:
प्लास्टिक लावलंय. अजून एक: गणपतीपर्यंत घर बंद असतं. चालू ठेवून जाता येईल?

दमट_हिशेब:
येईल, पण अटी आहेत. लाइट येऊन-जाऊन असेल तर 'ऑटो रीस्टार्ट' हवंच, नाहीतर पहिल्याच खंडानंतर यंत्र गप्प बसेल. विकत घेण्याआधी दुकानात चालू असताना प्लग काढा, पाच मिनिटांनी परत लावा. आपोआप सुरू झालं तरच पैसे द्या. (कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबून सुरू होतो, घाई नको.)

टाकी भरली की यंत्र बंद पडतं, म्हणून नळी लावा. यंत्र फूटभर उंच स्टुलावर, नळीला सलग उतार, मध्ये कुठेही झोळ नको. झोळात शेवाळ धरतं, पाणी तुंबतं आणि उलट जमिनीवर येतं. नळीचं टोक मोरीत मोकळं सोडा, बादलीत बुडवू नका. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. वायरिंग जुनं असेल तर घर बंद करताना यंत्रही बंदच करा.

चिरेबंदी:
मागच्या बाजूला भिंतीपासून निदान एक फूट मोकळं. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. आडवं झोपवून आणलं असेल तर दिवसभर उभं ठेवून मगच सुरू करा. या मापाची यंत्रं साधारण ३०० ते ४०० वॅट खातात. कॉम्प्रेसर बारा तास चालला तर चार युनिटं. खोली दोन-तीन अंशांनी गरमही होते, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. त्याच खोलीत झोपायचं असेल तर यंत्र दिवसा चालवा.

सादळलेली_पानं:
टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का? शुद्धच असणार ना?

मिठाची_पुडी:
नाही. कॉइलवरची धूळ, बुरशीचे कण आणि धातूचा अंश त्यात उतरतो. लादी पुसा, संडासात ओता. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरचा कॅनच आणा.