विमानात सीट सोडणारे सगळे बावळट असतात काय?

द्राक्षबाग: परवा इथे कॉलेजरोडकरांनी लिहिलं होतं, "खिडकीचे वेगळे पैसे मोजलेत. कुणाची आजी असो नाहीतर बाळ, मी उठणार नाही. सीट सोडणारे बावळट." त्यावर लोकांचे अंगठेच अंगठे. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

डिसेंबरात नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला निघालो होतो. दिल्लीत धुकं, विमान तिकडूनच सुटलेलं नाही. बोर्डावर आधी चाळीस मिनिटं, मग दोन तास, मग नुसताच 'विलंब'. शेजारी निफाडकडच्या एक आजी. नऊवारी, पहिलाच विमानप्रवास, मुलगा दारापर्यंत सोडून गेलेला. बोर्डिंग पासची चौघडी करून कनवटीला लावलेली. दर दहा मिनिटांनी ती सोडायच्या, मला वाचायला द्यायच्या, "दिल्लीचंच हाये ना रे बाबा?" आणि परत कनवटीला. समोर कानात बोंडं घातलेलं एक पोरगं बसलं होतं. त्याने उठून आजींच्या मुलाला फोन लावून दिला, सँडविच आलं तेव्हा त्यात अंडं नाही ना ते विचारून आला, आणि विमानात स्वतःची खिडकी त्यांना दिली. पैसे भरून घेतलेली. आजी दिल्लीपर्यंत तोंडाला पदर लावून डोळे मिटून बसल्या. पोरगं आपलं हसत होतं. हा बावळट?

कॉलेजरोडकर: म्हणजे खिडकी वायाच गेली की. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

आता माझंही ऐका. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून आयल, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट घेतो, जादा पैसे देऊन. मागच्या वेळी एक जोडपं आलं, "नवीनच लग्न झालंय हो काका." मी उठलो. सव्विसाव्या रांगेत, दोन पैलवानांच्या मधे. उतरताना बघतो तर दोघं आपापल्या मोबाईलमध्ये. त्या दिवशी ठरवलं, आता नाही.

आणि बाळांचं म्हणाल तर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, एप्रिल २०२४ मध्येच कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या (एकाच बुकिंगच्या) निदान एका पालकाशेजारी जागा द्या. हे काम कंपनीचं आहे, माझ्या गुडघ्याचं नाही.

सातपूरची: नियम हो, नियम! त्यानंतरच्या दिवाळीत माझी बहीण एकविसाव्या रांगेत आणि तिचं तीन वर्षांचं पोर चौदाव्या. हवाई सुंदरी म्हणते, "आपसात बघून घ्या." आधी वेगळं बसवायचं, जवळ बसायचे पैसे लावायचे, आणि नाही भरले तर प्रवाशांना एकमेकांच्या अंगावर सोडायचं. शेवटी एक कॉलेजची मुलगी उठली. गुडघेवाले काका त्या विमानात नव्हते हे नशीब.

कॉलेजरोडकर: वैयक्तिक होऊ नका.

पंचवटीकर: तुम्ही सीटवरून भांडताय, मुळात नाशकातून विमानं आहेत किती? ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची. १९६४ पासून एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी, तिथे आहे. मिग झाले, सुखोई झाले, आता तेजस. लढाऊ विमान घ्या म्हटलं तर मिळेल, पण चेन्नईला लेकीकडे जायचं तर आधी मुंबई गाठा. पहाटे सहाच्या विमानासाठी रात्री अकराला घर सोडायचं!

आडगाव नाका: समृद्धी महामार्ग आहे ना आता. ५ जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे खुला आहे. कसारा घाट नाही, काही नाही.

पंचवटीकर: आमण्यापर्यंत उडायचं आणि पुढे भिवंडी ते ठाण्याचं माजिवडा रांगायचं. टोल भरून कोंडीत लवकर पोचतो, एवढाच फरक.

आडगाव नाका: मग शिर्डीला जा. काकडीचं विमानतळ २०१७ पासून चालू आहे.

पंचवटीकर: दर्शनाला जाईन की. तुम्ही कधी बॅगा घेऊन रात्री सिन्नरमार्गे काकडीला गेलायत? नाही ना? मग सल्ले कशाला देता?

आडगाव नाका: गेलोय. चार वेळा. आणि विमानं नाहीत म्हणून ओरडणारे ओझरहून सुरू झाली की "हजार रुपये जास्त आहेत" म्हणत मुंबईलाच जातात. तुम्ही स्वतः ओझरहून शेवटचे कधी गेलात?

पंचवटीकर: तो प्रश्न नाहीये.

सातपूरची: म्हणजे गेलेलेच नाहीत.

मिसळ विथ दही: धाग्याचं काश्मीर झालेलं आहे. एक प्लेट मिसळ घेऊन बसलोय. चालू द्या.

द्राक्षबाग: अहो, विषय सीटचा होता.

कॉलेजरोडकर: विषयावर येतो. पोरगा चांगला होता, मान्य. एकदाच म्हणतो, परत विचारू नका. पण त्याला कोणी "ऊठ" म्हटलं होतं का? तो आपणहून उठला. मला लोक आधी उठवतात आणि मग चांगुलपणा शिकवतात. चार जणांच्या नजरा लावून घेतलेली सीट म्हणजे दान नव्हे, वसुली.

आणि द्राक्षबाग, एक विचारू? त्या विमानात तुमची सीट कुठली होती?

सातपूरची: हा काय प्रश्न झाला?

द्राक्षबाग: विचारलंतच म्हणून सांगतो. खिडकीच होती, पैसे भरलेली. दोन तास आजींचा पास मीच वाचत होतो, पण आत गेल्यावर 'कोणीतरी देईल' म्हणून पट्टा लावून बसलो.

कॉलेजरोडकर: हं.

मिसळ विथ दही: रस्सा तिखट झाला बुवा.

सातपूरची: अवांतर, पण अर्जंट. उद्या सकाळी मुंबईहून बंगळूरचं विमान आहे, आज रात्री निघायचंय. ठरवलेल्या गाडीवाल्याने आत्ता नाही सांगितलं. घाटाची काय खबर?

आडगाव नाका: लतीफवाडीपाशी ट्रक बंद पडलाय, मेहुणा तिथेच अडकलाय. समृद्धीनेच जा. आणि माजिवड्याला तास धरा, पंचवटीकर त्याबाबतीत बरोबर आहेत.

कॉलेजरोडकर: मी रात्री आठला निघतोय, विमानतळावरच. एकटाच आहे. मुंबई नाक्यावरून घेतो, निरोप टाका. जागा मागची मिळेल. पुढची माझी, गुडघा.